शुगरच्या आकड्याशेजारचा बाण कसा वाचायचा

दंडावरच्या सेन्सरजवळ मोबाईल नेला, ११० आकडा दिसला, की बरेच जण "शुगर बरोबर आहे" म्हणून मोबाईल खिशात टाकतात आणि वावराची वाट धरतात. पण त्या ११० च्या शेजारी एक छोटा बाण असतो. तो आडवा असेल तर ठीक. तो सरळ खाली वळलेला असेल, तर हेच ११० अर्ध्या तासात ५० वर येऊ शकतं. तोवर तुम्ही पऱ्हाटीच्या मधोमध असाल, जिथून घरच्यांना हाक ऐकू जात नाही.

दंडावरचा हा सेन्सर म्हणजे सीजीएम, सतत शुगर मोजणारा सेन्सर. तो आता तालुक्याच्या मेडिकलवरही मागवून मिळतो. एका सेन्सरला काही हजार रुपये लागतात आणि तो साधारण दोन आठवडे चालतो. ज्यांची शुगर नुसत्या मेटफॉर्मिनच्या गोळीवर ताब्यात आहे, त्यांनी तो कायम लावून ठेवायची गरज मला वाटत नाही. पण इन्सुलिन घेणाऱ्यांना आणि ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइडसारख्या शुगर उतरवणाऱ्या गोळ्या खाऊन दिवसभर अंगमेहनत करणाऱ्यांना त्याचा मोठा आधार आहे, आणि तो आधार मुख्यतः बाणाचा आहे. आकडा बोट टोचूनही कळतो. शुगर कुठे चालली आणि किती वेगानं, हे एकदा बोट टोचून कळत नाही.

पहिली पायरी: आपल्या यंत्राचे बाण ओळखा

फ्रीस्टाइल लिब्रे नावाच्या सेन्सरवर पाच बाण असतात. (शुगरचा आकडा म्हणजे १०० मिली रक्तातले मिलिग्रॅम.) आडवा बाण म्हणजे शुगर जवळपास स्थिर आहे, मिनिटाला १ मिलिग्रॅमपेक्षा कमी फरक पडतो आहे. तिरपा वर किंवा तिरपा खाली म्हणजे मिनिटाला १ ते २ मिलिग्रॅम. सरळ वर किंवा सरळ खाली म्हणजे मिनिटाला २ पेक्षा जास्त. डेक्सकॉम नावाच्या दुसऱ्या सेन्सरवर सात बाण असतात. तिथे एक सरळ बाण म्हणजे मिनिटाला २ ते ३ आणि दोन सरळ बाण म्हणजे ३ पेक्षा जास्त. तुमचं यंत्र वेगळं असेल तर डब्यातल्या कागदावर बाणांचे अर्थ असतात. वाचायला अवघड जात असेल तर घरातल्या शिकणाऱ्या पोराकडून वाचून घ्या आणि सेन्सर लावण्याआधीच समजून घ्या.

लिब्रेचा "प्रो" नावाचा एक प्रकार डॉक्टर स्वतः लावून देतात. त्यात तुम्हाला आकडाही दिसत नाही आणि बाणही नाही. सगळी माहिती दोन आठवड्यांनी डॉक्टरच काढतात. तुमच्या दंडावर तो असेल तर तुमची शुगर तुम्हाला बोट टोचूनच पाहावी लागेल.

कधी कधी आकडा दिसतो, पण बाण येत नाही. यंत्राकडे दिशा सांगण्याइतक्या नोंदी नसल्या की असं होतं. त्याला आडवा बाण समजू नका. बोट टोचून पाहा.

दुसरी पायरी: अर्ध्या तासाचं गणित करा

हे गणित तोंडी जमतं. तिरपा बाण असेल तर अर्ध्या तासात ३० ते ६० चा फरक पडतो. लिब्रेचा सरळ बाण असेल तर ६० किंवा त्याहून जास्त. आकड्यात तेवढे मिळवा किंवा वजा करा.

१५० आणि तिरपा खाली: अर्ध्या तासात ९० ते १२०. जेवायची वेळ झाली असेल तर काळजी नाही, पण दोन तास निंदण करायचं असेल तर काहीतरी खाऊन निघा. ९५ आणि तिरपा खाली: अर्ध्या तासात ३५ ते ६५, म्हणजे धोका समोर आहे. ८० आणि तिरपा वर: तुम्ही नुकतंच खाल्लं असेल तर शुगर सावरते आहे, घाबरून साखर खाऊ नका.

बाण शपथेवर सांगत नाही. आताचा वेग असाच राहिला तर काय होईल, एवढंच तो सांगतो. खाल्लं, थांबलं, सायकल मारली की वेग बदलतो. म्हणून सरळ बाण दिसला की दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहायचं.

तिसरी पायरी: सेन्सर मागे असतो हे ध्यानात ठेवा

सेन्सर रक्तातली शुगर मोजत नाही. त्याची बारीक तार कातडीखालच्या पेशींभोवतीच्या पाण्यातली शुगर मोजते. ओलित करताना विहिरीची मोटर सुरू केली तरी शेवटच्या वाफ्यात पाणी उशिरा पोचतं, तसंच रक्तातला बदल तिथे पाच-दहा मिनिटांनी पोचतो. बाण आडवा असताना याचा त्रास होत नाही. बाण सरळ खाली असेल तेव्हा मात्र रक्तातली शुगर दिसणाऱ्या आकड्यापेक्षाही खाली गेलेली असू शकते. सरळ वर असेल तर आकड्यापेक्षा वर.

म्हणून हातपाय थरथरताहेत, छाती धडधडते आहे, दरदरून घाम सुटला आहे, आणि यंत्र ८५ दाखवतं आहे, अशा वेळी शरीराचं ऐका. ग्लुकोमीटर जवळ असेल तर बोट टोचा. नसेल तर आधी साखर खा, तपासणी नंतर.

चौथी पायरी: बाणाला तीन प्रश्न विचारा

शेवटचं खाल्लं कधी? इन्सुलिन किंवा गोळी कधी घेतली? पुढच्या दोन तासांत काम कोणतं? या तिन्हींची उत्तरं जोडली की बाण का वळला ते समजतं. आपल्या भागात यातल्या दुसऱ्या प्रश्नाकडे सगळ्यात जास्त लक्ष हवं.

खेड्यांमध्ये पुष्कळ जणांना ३०/७० लिहिलेलं मिक्स इन्सुलिन दिलेलं असतं, सकाळी आणि संध्याकाळी जेवणाआधी. त्यातला ३० टक्के भाग लवकर काम करतो आणि सकाळची न्याहारी सांभाळतो. उरलेला ७० टक्के भाग हळू चढतो. त्याचा जोर साधारण चार तासांनंतर सुरू होतो आणि दहा तासांपर्यंत राहू शकतो. सकाळी आठला सुई घेतली असेल तर बारापासून पुढे दुपारभर हे इन्सुलिन अंगात काम करत असतं. त्याच वेळी तुम्ही कापूस वेचत असता किंवा सोयाबीन सोंगत असता, आणि मेहनतीनं शुगर आणखी उतरते. अशात "एवढी पात संपवून मग भाकर खाऊ" असं म्हणत दुपारचं जेवण तीनवर गेलं, की बाण खाली वळणारच. ते जेवण चुकवायचं नाही. मजुरीला जात असाल तर सोबतच्या बायांना, मुकादमाला सांगून ठेवा की साडेबाराला मला शिदोरी सोडायची आहे. यात लाजण्यासारखं काही नाही.

साडेअकराच्या सुमारास एकदा बाण पाहायची सवय लावा. तिरपा खाली दिसला आणि आकडा १२० च्या आत असेल तर जेवण तेव्हाच करा.

पाचवी पायरी: बाण खाली असेल तर

७० च्या खाली शुगर म्हणजे ती उतरली. ५४ च्या खाली गेली तर फार उतरली. पण बाण सरळ खाली असेल तर ७० ची वाट पाहू नका. १०० च्या आसपासच हालचाल करा.

काम थांबवा. धुऱ्यावर सावलीत बसा. तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून प्या. यातून साधारण १५ ग्रॅम साखर पोटात जाते. गुळाचा खडा चावून वर पाणी प्यालात तरी चालतं. पेढा, चॉकलेट किंवा पोळी यावेळी नको. तूप, दूध, पीठ यांमुळे शुगर चढायला उशीर लागतो.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. तुमच्या गोळीच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे नाव असेल, तर ती गोळी साध्या साखरेचं पचन अडवते. अशा माणसाला साखर आणि गूळ लवकर उपयोगी पडत नाहीत, ग्लुकोज पावडरच लागते. आजच पाकीट काढून नाव वाचा. असेल तर पावडरची पुडी शिदोरीच्या पिशवीत कायमची ठेवून द्या.

१५ मिनिटं थांबा आणि बोट टोचून पाहा. सेन्सर मागे असल्यामुळे त्यावर अजून ६२ आणि खाली बाण दिसू शकतो, आणि रक्तात मात्र शुगर ९० वर आलेली असते. याच वेळी माणसं घाबरून पुन्हा साखर, मग केळं, मग चहा-बिस्कीट घेतात आणि तासाभरानं २८० वर पोचतात. बोटाचा आकडा ७० च्या खालीच असेल तर पुन्हा १५ ग्रॅम घ्या. वर आला असेल तर भाकर-भाजी खा आणि अर्धा तास बसा.

माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळत नसेल तर तोंडात साखर, पाणी काहीही घालायचं नाही. घास श्वासनलिकेत जातो. कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा. हे वाक्य घरच्यांनाच नाही, सोबत काम करणाऱ्यांनाही सांगून ठेवा.

सहावी पायरी: बाण वर असेल तर

इथे धीर लागतो. न्याहारीला तर्री पोहे खाल्ले की थोड्याच वेळात बाण वर जातो. जेवणानंतर तासभर शुगर चढणं हे अपेक्षितच आहे. वर जाणारा बाण पाहून इन्सुलिनचा जादा डोस घेऊ नका. आधी घेतलेल्या जलद इन्सुलिनचं काम पुढे काही तास चालूच असतं. त्यावर दुसरा डोस चढवला की दोन्ही मिळून दुपारी खाली ओढतात. चालून या, पाणी प्या, दोन तासांनी पुन्हा पाहा.

या बाणाचा एक उत्तम उपयोग मात्र आहे. एक दिवस पोहे, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ज्वारीची भाकर आणि झुणका खा. डोस तोच, काम तेच. अर्ध्या तासानं आणि दोन तासांनी बाण पाहून वहीत लिहा. वडा-भात, रोडगे, पोळ्याच्या दिवसाची पुरणपोळी, सगळं असंच तपासता येतं. तुमच्या ताटातलं काय तुमच्या अंगाला झेपतं, हे तुमच्या वहीतून कळेल.

शुगर २५० च्या वर आहे, बाण वरच आहे, आणि सोबत उलट्या, पोटदुखी किंवा धाप लागते आहे, तर घरी थांबू नका. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्या मुलामुलींच्या बाबतीत तर त्याच तासाला दवाखाना गाठा.

रात्रीचा बाण

दिवसभर जड काम झालं की शुगर त्या रात्रीही उतरू शकते, कारण स्नायू आपला साठा रात्रभर भरत असतात. झोपण्याआधी १०० च्या आत आकडा आणि खाली बाण असेल तर काहीतरी खाऊनच झोपा. रब्बीत लाईन रात्रीची असते तेव्हा हरभऱ्याला, गव्हाला ओलित करायला जाणाऱ्यांनी निघताना बाण पाहावा, सोबत कुणाला तरी न्यावं आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवावी.

सेन्सर असलेल्या दंडावर झोपलं तर दाब पडून खोटा कमी आकडा येतो. रात्री अचानक ५८ दिसलं पण अंगात काही त्रास नाही, तर कूस बदला, बोट टोचा, मग ठरवा. पहाटे काहीही न खाता बाण वर जाणं मात्र खरं असतं. त्या वेळी शरीर स्वतःच साखर सोडतं.

ऊन, घाम आणि व्हिटॅमिन सी

लिब्रेचा सेन्सर १० ते ४५ अंशांपर्यंत काम करण्यासाठी बनवलेला आहे. चंद्रपूर, अकोला, नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. त्या दिवसांत ऊन लागल्याची आणि शुगर उतरल्याची लक्षणं सारखीच दिसतात: घाम, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी. अंदाज करत बसू नका, बोट टोचा. मोबाईल उन्हात तापून बंद पडतो, तो सावलीत, कोरड्या कापडी पिशवीत ठेवा.

सेन्सर लावण्याआधी दंडाला तेल नको. घामानं कड सुटत असेल तर भोवती चिकटपट्टी लावा, पण लिब्रेच्या मधलं छोटं छिद्र झाकू नका.

गोळ्यांमधून रोज ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त व्हिटॅमिन सी घेतलं तर काही सेन्सर खोटा वाढीव आकडा दाखवतात, आणि त्यामुळे खरी उतरलेली शुगर लपून राहू शकते. संत्र्यांची ती भीती नाही, एका संत्र्यात इतकं व्हिटॅमिन सी नसतं. संत्र्यानं बाण वर जातो तो खऱ्या साखरेमुळे.

डॉक्टरकडे जाताना

दोन आठवडे झाले की वही आणि मोबाईल दोन्ही घेऊन जा. बाण कोणत्या वेळी वारंवार खाली वळतो तेवढं दाखवा. वेचणीच्या, सोंगणीच्या दिवसांसाठी इन्सुलिनचा डोस वेगळा असू शकतो का, हे स्वतःहून विचारा, कारण तुम्ही दिवसभर काय काम करता हे विचारायला डॉक्टरांना प्रत्येक वेळी सवड मिळत नाही. कामाच्या दिवसाचा डोस आणि घरी बसायच्या दिवसाचा डोस, दोन्ही एकाच कागदावर त्यांच्याकडून लिहून घ्या.