होडीच्या कामावर नवीन येताय?

आमचं गाव सारंगखेडा आणि प्रकाशा यांच्यामधलं, तापीच्या काठावर. गेल्या दिवाळीनंतर आम्ही अकरा जणांनी वर्गणी काढून अठरा फुटी लाकडी होडी बांधायला घेतली. मासे धरणारे तिघे, बाकी शेतकरी, एक रिक्षावाला, एक शिक्षिका आणि मी, बी.कॉम. होऊन दुकानाचे हिशेब लिहिणारा. होडी बांधता येत होती ती एकट्या आप्पांना. वय सत्तरीच्या पुढचं. फायबरच्या होड्या आल्या तसा त्यांचा वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, भिंतीवर जाऊन बसला होता. यंदा दुसरी होडी घेणार आहोत आणि "मलाही येऊ द्या" म्हणणारे बरेच आहेत. हे त्यांच्यासाठी.

या. पण पहिले दोन महिने तुमच्या वाट्याला धरायचं काम येईल. फळीचं टोक धरायचं, दोरी धरायची, ओळंबा हलू द्यायचा नाही. मी घाई केली की आप्पा अहिराणीत म्हणायचे, "भाऊ, होडी काय कोठे पयी जाई ऱ्हायनी का?" म्हणजे होडी काय पळून चाललीय का?

लाकूड हा विषय घरून शिकून आलात तर बरं. फळ्यांना साग लागतो आणि तो वाळलेला लागतो. इंचभर जाडीची फळी सावलीत वाळायला वर्ष जातं, म्हणून पुढच्या होडीचा साग आम्ही आताच रचून ठेवलाय. स्वतःच्या बांधावरचा साग असला तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्यात साग आहे, मोह आहे, आपला अंजनही आहे. कागद आधी करा, कुऱ्हाड नंतर. एका भिडूने उत्साहात जुना अंजनाचा ओंडका आणला होता. अंजन इतका जड की पाण्यात टाकला तर सरळ तळाला जातो. आप्पा पोट धरून हसले आणि त्याची मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा, करून घेतली. ती अजून वापरात आहे.

आतल्या बरगड्यांना मात्र बाभूळ. इथे मला सगळ्यात जास्त मजा आली. बरगडी वाकडी हवी, पण सरळ फळीतून वाकडी कापली तर लाकडाचा धागा मधेच तुटतो आणि जोर आला की तिथेच मोडते. म्हणून मुळातच वाकडी वाढलेली फांदी शोधायची. पत्र्याचा साचा खांद्यावर टाकून आम्ही महिनाभर बांधाबांधाने फिरलो. कापसाच्या वेचणीचे दिवस, बाया विचारायच्या, काय हरवलं? आता एसटीतून जातानाही माझी नजर बाभळीच्या कोपरावर जाते. हे व्यसन तुम्हालाही लागेल.

संक्रांतीनंतर खिळे ठोकायची पाळी माझ्यावर आली. खिळ्याआधी सामत्याने, म्हणजे हाताने फिरवायच्या गिरमिटाने, भोक पाडायचं असतं, नाहीतर फळी चिरते. डाव्या बाजूच्या तिसऱ्या फळीत माझा हात तिरपा गेला आणि भोक कडेतून बाहेर पडलं. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी खिळा दुसरीकडे मारला, भोकात लांबी, म्हणजे फटी बुजवायचा लगदा, भरली, वरून घासली. दुसऱ्या दिवशी त्यावर पुढची फळी बसली आणि विषय मिटला, असं मला वाटलं.

सांधे भरायचं काम फाल्गुनात. कापूस खानदेशात कमी नाही, पण सरकी काढलेली रुई लागते आणि तिची सैल वात वळावी लागते. सांधा बाहेरून उघडा, आत मिटलेला असा ठेवतात. वात त्यात मोगरीने बसवायची, पण बेताने. फार ठासली तर ओली होऊन फुगते आणि फळ्याच दूर लोटते. वरून राळ आणि तेल कढवून लावायचं. ती कढई मांडवापासून लांब ठेवा, शेजारी वाळूची बादली हवी. पेटलेल्या तेलावर पाणी ओतायचं नाही. आमच्यातल्या एकाची भुवई अजून नीट आलेली नाही.

चैत्रात ऊन असं तापलं की फळ्यांमधून उजेड दिसायला लागला. ओली गोणपाटं टाकून दिवस काढले. कोणीतरी म्हणालं, सूर्यकन्या तापीचा जन्मदिवस आषाढ शुद्ध सप्तमीला, त्याच दिवशी सोडू. आप्पांनी हात जोडले: आषाढात वरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की खाली कोण थांबणार? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, कामाला माणूस मिळत नाही. म्हणून त्याच्या आठवडाभर आधी नारळ फुटला.

आणि मग आप्पांनी होडी बुडवायला सांगितली. पाच महिने घाम गाळून बांधलेली! उथळ पाण्यात दगड भरून चार दिवस तशीच. लाकूड पाणी पितं, फुगतं, फटी आपोआप मिटतात. पाचव्या दिवशी उपसून तरंगवली तर सगळीकडून कोरडी, फक्त डाव्या बाजूने बारीक धार. आप्पांनी बोटाने चाचपलं.

"आठे लांबी कोनी भरी?"

मी हात वर केला. सगळ्यांसमोर. आप्पा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तवयच सांगं आस्तं तं अर्धा तासनं काम व्हतं."

आता त्यावर बसलेली फळी काढायची म्हणजे तिच्या वरची काढायची, त्या सांध्यांतला कापूस उकरायचा, सगळं पुन्हा भरायचं. तीन दिवस गेले, दहा माणसांचे. वर्गणीतल्या दोघांनी आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. एकट्याच्या कामात चूक आपल्यापाशी राहते, इथे ती दुसऱ्याच्या फळीखाली जाऊन बसते. तेव्हा भोक चुकलं की तिथेच ओरडा, कितीही लाज वाटली तरी.

सुतारकाम पद्धतशीर शिकायचं असेल तर आयटीआयमध्ये वर्षभराचा ट्रेड आहे. जरूर करा. रंधा, पटाशी, गुण्या हातात बसलेला माणूस आम्हाला हवाच आहे. काम रविवारी आणि अमावस्येला. अमावस्येला शेतकरी औत जुंपत नाहीत, त्यामुळे माणसं मोकळी असतात. डबा घरून आणा. हिवाळ्यात भरीत आणि कळण्याची भाकरी आणणाऱ्याला हलकं काम मिळतं, हे लेखी कुठे नाही.

त्या तिसऱ्या फळीवर आता हातभर ठिगळ आहे. अजून थोडं पाझरतं. होडीत पहिल्यांदा बसणाऱ्याला आम्ही तिथेच जागा देतो आणि पाणी उपसायला हातात डालड्याचा डबा देतो.