चोवीस तासांत हजार मैल: मोटारसायकलच्या लांब राइडच्या तयारीत या चुका टाळा

आयर्न बट असोसिएशन या अमेरिकेतील संस्थेच्या ‘सॅडलसोअर’ राइडमध्ये चोवीस तासांत १००० मैल, म्हणजे सुमारे १६१० किलोमीटर, मोटारसायकल चालवायची असते. पुण्याहून निघणाऱ्यासाठी राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून बंगळूरला जाऊन परत येणे हा सरळ पर्याय आहे. एका बाजूचे अंतर साधारण ८४० किलोमीटर भरते, आणि सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग अशी मोठी गावे वाटेत असल्याने पेट्रोल आणि मदत दोन्ही मिळतात. अशी राइड अर्धवट राहते तेव्हा गाडीची ताकद कमी पडली असे क्वचितच असते. बहुतेकदा कारण तयारीत सापडते.

सर्वांत धोकादायक चूक म्हणजे ही वेगाची परीक्षा आहे असे समजणे. १६१० ला २४ ने भागले की ताशी ६७ किलोमीटरची सरासरी येते; थांबे, जेवण आणि डुलकी यांसाठी चार तास बाजूला काढले तरी चालत्या गाडीला ताशी ८० च्या आसपास सरासरी पुरते. ताशी ९० ऐवजी १०० ने गेल्यास शंभर किलोमीटरमागे सात मिनिटेसुद्धा वाचत नाहीत. उलट प्रत्येक थांब्याला दहा मिनिटे धरली आणि प्रत्यक्षात पंचवीस लागली, तर सात थांब्यांत पावणेदोन तास हातचे जातात, आणि ते रात्री थकल्या अंगाने वेग वाढवून भरून काढण्याचा मोह होतो. म्हणून थांब्यावरच्या कामांचा क्रम आधीच पक्का करावा: पेट्रोल, बिल, पाणी, लघवी, चेन आणि टायरवर एक नजर, की निघावे. कार्ड, चावी आणि बिले यांचे खिसे ठरलेले असावेत. ही बाब किरकोळ वाटते, पण माझ्या मते राइड पूर्ण होणार की नाही हे सर्वाधिक तिच्यावरच ठरते.

गाडीच्या बाबतीत चूक होते ती शेवटच्या आठवड्यात. आदल्या दिवशी सर्व्हिसिंग करून घेणे वरकरणी शहाणपणाचे वाटते, परंतु नीट न आवळलेला ड्रेन बोल्ट (इंजिनातले ऑइल काढायचा बोल्ट), जागेवर न बसलेला ऑइल फिल्टर किंवा वाजवीपेक्षा घट्ट केलेली चेन यांचा पत्ता पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरांत लागतो, आणि तो घराजवळ लागलेला बरा. सर्व्हिसिंग किमान पंधरा दिवस आधी उरकावे आणि त्यानंतर पूर्ण सामानासह चार-पाचशे किलोमीटरची एक राइड करावी. नवे टायर, नवे बूट, नवे हेल्मेट आणि नवी सीट यांनाही हाच नियम लावावा. तासाभरात जाणवतही नाही अशी हेल्मेटची कपाळावरची दाब दहाव्या तासाला असह्य होते.

चेनकडे विशेष लक्ष द्यावे. मागचे चाक उचलून हळूहळू फिरवावे आणि खालची बाजू बोटाने वर उचलून सैलपणा तीन-चार जागी पाहावा. एका जागी ती ताठ आणि दुसऱ्या जागी ढिली लागत असेल, तर ती असमान ताणली गेली आहे. अशी चेन नुसती आवळून भागत नाही, स्प्रॉकेटसह (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्रांसह) पूर्ण संच बदलावा लागतो. सैल जागा पाहून ती आवळली, तर ताठ जागी बेअरिंगवर ताण येतो. चेनला वंगण लावायचे ते आदल्या संध्याकाळी, गाडी फिरवून आणल्यावर चेन कोमट असताना. स्पोकच्या चाकांत ट्यूब असल्यास ट्यूबलेसचे पंक्चर किट उपयोगाचे नाही. जादा ट्यूब आणि टायर काढायच्या पट्ट्या सोबत हव्यात, आणि त्या वापरण्याचा सराव घरीच झालेला हवा.

निघण्याची वेळ निवडतानाही अनेक जण चुकतात. दिवसभर काम करून संध्याकाळी निघणारा रायडर पहाटे तीन-चारला वीस-बावीस तासांचा जागा असतो, आणि शरीराची झोपेची ओढ नेमकी त्याच वेळी सर्वाधिक असते. आधीच्या दोन-तीन रात्री पुरेशी झोप घेऊन पहाटे चारच्या सुमारास निघावे. अंधारातला पहिला टप्पा ताज्या डोळ्यांनी पार पडतो. परतीचा शेवटचा टप्पा मात्र रात्रीच येतो, आणि गळीत हंगामात बेळगाव ते सातारा या पट्ट्यात उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असतात. ट्रॉलीचा मागचा दिवा अनेकदा बंद असतो किंवा बाहेर आलेल्या उसाखाली झाकला जातो, आणि समोरून प्रखर दिवे येत असताना ती अगदी जवळ गेल्यावरच दिसते. हेडलाइटच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात गाडी थांबवता येईल, याहून जास्त वेग तिथे ठेवू नये.

मागचे काही किलोमीटर आठवत नसतील, पाटी दोनदा वाचावी लागत असेल किंवा गाडी नकळत आपली लेन सोडत असेल, तर ती झोपच आहे. चहाने ती काही काळ लांबते, टळत नाही. उजेड आणि माणसे असलेल्या पंपावर थांबून वीस मिनिटे झोपावे. जेवणात तेलकट आणि जड पदार्थ टाळावेत, थोडे-थोडे खावे आणि तहान लागायची वाट न पाहता पाणी प्यावे.

संस्थेला द्यायच्या पुराव्याची हेळसांड झाली, तर पूर्ण झालेली राइडही नाकारली जाऊ शकते. दुचाकीला टोल नसल्याने टोलची पावती मिळत नाही; म्हणून पंपाचे छापील बिल हाच मुख्य आधार. त्यावरील तारीख, वेळ आणि ठिकाण पंपावरच वाचावे, कारण यंत्राचे घड्याळ चुकीचे असू शकते. कागद संपला असेल किंवा बिल हाताने लिहून मिळत असेल, तर दुसऱ्या पंपावर थोडे पेट्रोल भरावे किंवा जवळच्या एटीएममधून पावती काढावी. प्रत्येक बिलाचा किलोमीटरच्या आकड्यासह लगेच फोटो घ्यावा. उष्णतेने छपाई पुसट होते. जिथून वळलो तिथले बिल नसेल, तर तिथपर्यंत गेल्याचे सिद्ध करणे अवघड होते. गाडीचा काटा प्रत्यक्षापेक्षा जास्त अंतर दाखवू शकतो, म्हणून हिशेब नकाशावरून करावा. बंगळूरची वाहतूक टाळण्यासाठी नेलमंगलाहून वळायचे असल्यास अंतर आधी मोजून तीस-चाळीस किलोमीटर जास्तीचे ठेवावे.

शेवटच्या बिलाचा पंप घराच्या अगदी जवळचा आणि रात्रभर चालू असणारा निवडावा, तो त्या वेळी खरोखर उघडा असतो याची आधीच खात्री करून घ्यावी, आणि तिथून घरापर्यंत गाडी चालवायला दुसरे कोणी येईल अशी व्यवस्था करून ठेवावी.