खाली दुकान, वर घर, मग चालायचं कुठून? रस्ता आखताना या चुका टाळा

माझी आत्या धुळ्याला गल्लीत राहते. खाली भांड्यांचं दुकान, वर घर. औषध आणायला कोपऱ्यापर्यंत जायचं तर तिला सात वेळा ओट्यावर चढावं आणि उतरावं लागतं. तिसऱ्या दुकानानंतर ती ओटे सोडते आणि मोटारसायकलींच्या मधून चालते. धुळे असो, जळगावच्या पेठा असोत की नंदुरबारचा बाजार, मिश्र वापराच्या भागात, म्हणजे जिथे दुकानं आणि घरं एकत्र असतात तिथे, पादचारी रस्त्यावर उतरला की दोष फक्त वाहनांना दिला जातो. माझ्या मते खरी चूक बहुतेक वेळा दुकानाच्या उंबऱ्यापाशीच झालेली असते.

सामासिक अंतराला ओटा समजणं

इमारतीच्या पुढे जे सामासिक अंतर, म्हणजे हद्द आणि इमारत यांच्यामधली जागा, सोडायचं, ते मंजूर नकाशात मोकळं दाखवलेलं असतं. इमारत पूर्ण झाली की तिथे फरशी बसते, मग पत्र्याचं शेड येतं, मग काउंटर पुढे सरकतो. शेवटी पायऱ्या गटारीच्या ढाप्यावर जातात. प्रत्येक दुकानाची उंची वेगळी, त्यामुळे सलग चालायला चार पावलंही मिळत नाहीत.

याच्या मुळाशी आणखी एक कारण आहे, आणि ते दुकानदाराच्या हातात नाही. दरवेळी जुन्या डांबरावर नवा थर टाकला जातो आणि रस्ता उंच होतो. पावसाचं पाणी दुकानात शिरतं, म्हणून दुकानदार जोतं उचलतो. पुढच्या थराला पुन्हा तेच. म्हणून आपल्या रस्त्याचं काम निघालं की पहिली मागणी हीच करा: जुना थर खरवडून काढा, मगच नवा टाका. कामाच्या अंदाजपत्रकात खरवडण्याची बाब आहे का, हे काम सुरू होण्याआधी बघा. नंतर काही करता येत नाही.

दुकानाचा उतार मात्र स्वतःच्या हद्दीतच संपला पाहिजे. चाकाच्या खुर्चीसाठी 1:12 चा उतार धरतात, म्हणजे 15 सेंटीमीटर चढायला 1.8 मीटर लांबी लागते. ही लांबी फुटपाथवर टाकली, तर चालायला काही उरत नाही.

'रस्ता 12 मीटरचा आहे' यावर समाधान मानणं

शहराच्या विकास आराखड्यातली रुंदी हद्दीपासून हद्दीपर्यंत असते. बारा मीटरमधून दोन पदरी वाहतुकीचे 7 मीटर वजा केले तर दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर उरतात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांनी फुटपाथची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर आणि व्यापारी भागात 2.5 मीटर धरली होती. म्हणजे हिशेब जेमतेम बसतो. त्यात विजेचा खांब, रोहित्र आणि फलक मधोमध उभे केले की तो मोडतो. यांची जागा कडेच्या एकाच पट्ट्यात, आखणी करतानाच ठरवा.

पार्किंगचं तळघर विसरणं

फुटपाथवर गाड्या लागतात तेव्हा आधी समोरच्या संकुलाचं तळघर बघा. नकाशात पार्किंग आणि प्रत्यक्षात गोदाम, असं अनेकदा आढळतं. मंजूर नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागा आणि नकाशात दाखवलेला वापर व प्रत्यक्ष वापर यांची तुलना करून नगररचना विभागाकडे लेखी तक्रार द्या. नियोजन प्राधिकरणाला, म्हणजे शहरात बहुधा महापालिकेला किंवा नगरपालिकेला, 1966 च्या नगररचना अधिनियमाखाली नोटीस बजावता येते. नुसत्या 'नो पार्किंग'च्या पाटीने मात्र गाडी हलत नाही.

लोटगाडीवाल्याला तेवढं हटवणं

लोटगाड्या सकाळी उचलल्या तर संध्याकाळी परत येतात. येणारच, कारण गिऱ्हाईक तिथेच आहे. पथविक्रेता अधिनियम 2014 मध्ये नगर पथविक्रेता समिती आहे आणि तिच्यात किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडायचे असतात. विक्रीची जागा या समितीच्या सल्ल्याने, मोकळी रुंदी सोडून आखा. केळीवाला आणि माझी आत्या, दोघांनाही त्याच रस्त्यावर जागा हवी आहे, आणि नीट आखलं तर ती मिळते.

सावली शेवटी आठवणं

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. झाडाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक ठोकले तर झाड वाळतं आणि दुपारी तो फुटपाथ कुणी वापरत नाही. बुंध्याभोवती माती मोकळी ठेवा.

हरकत उशिरा घेणं

प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती व सूचनांसाठी 30 दिवस मिळतात. आपल्याकडे नकाशा बघायला लोक विसाव्या दिवशी जातात. पहिल्याच आठवड्यात जा. गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे नंबर सोबत ठेवा आणि आपल्या रस्त्याची प्रस्तावित रुंदी व दोन्ही बाजूंचा वापर टिपून घ्या. अर्जात 'फुटपाथ द्यावा' एवढंच लिहू नका. कुठून कुठपर्यंत, किती रुंद आणि मध्ये काय अडतं ते लिहा, फोटो जोडा आणि पोच घ्या.

आत्याच्या गल्लीसाठी मी असाच अर्ज तयार केला आहे. सातही ओट्यांची उंची टेपने मोजली. सगळ्यात उंच ओटा 62 सेंटीमीटरचा निघाला.