गरज कोणती, हौस कोणती: घरखर्चाची यादी कशी करावी

वॉशिंग मशीन घ्यायचं की नाही, यावरून घरात आठवडाभर धुसफूस चालते. नवरा म्हणतो, ही चैन आहे, आमच्या आईनं कधी मशीन पाहिलं नव्हतं. बायको म्हणते, जून ते सप्टेंबर घरातल्या सगळ्यांचे कपडे एकदा तुम्ही धुऊन, पिळून, वाळवून दाखवा. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात, आणि म्हणूनच वाद मिटत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या घरांना हा वाद नीट सोडवता यावा म्हणून हा लेख. यासाठी एक वही, एक पेन आणि घरातली सगळी माणसं एकत्र असतील अशी एक संध्याकाळ लागते.

पहिली पायरी: हिशेब वर्षाचा मांडा

आपल्या भागात पैसा दरमहा सारखा येत नाही. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पगार महिन्याला, वडगाव-खासबागच्या मागावर मजुरी आठवड्याला. उसाचं बिल कारखाना देईल तेव्हा, निपाणीकडच्या तंबाखूचा पैसा वर्षातून एकदा, खानापूरच्या भाताचा सुगीनंतर. घरातलं कुणी गोव्यात कामाला असेल तर ते जसे पाठवतील तसे. खर्चही असेच एकगठ्ठा येतात. मे महिन्यात वर्षाची चटणी, तांदळाची बेगमी. जूनमध्ये शाळेची फी, वह्या, गणवेश, छत्र्या, रेनकोट, बी-बियाणं, खत, आणि नेमका तेव्हाच घरात पैसा नसतो.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर बारा महिन्यांचे बारा रकाने पाडा. कोणत्या महिन्यात काय येतं आणि काय जातं ते आठवून लिहा. संकेश्वरी मिरचीपासून विम्याच्या हप्त्यापर्यंत वर्षातून एकदा येणारे सगळे खर्च वेगळे काढा, बेरीज करा आणि १२ ने भागा. बेरीज ६०,००० आली तर दरमहा ५,००० बाजूला पडलेच पाहिजेत. ते पडत नसतील तर जूनचं कर्ज आताच ठरलेलं आहे, असं समजा.

हे पान झाल्याशिवाय गरज आणि चैनीची चर्चा सुरू करू नका. नाही तर बिल आलेल्या आठवड्यात सगळंच गरजेचं वाटतं आणि श्रावणात मुलाचे बूटही चैन वाटतात.

दुसरी पायरी: नसलं तर कोण सोसतं, हे विचारा

वस्तूकडे बघून ती गरजेची की चैनीची हे सांगता येत नाही. ती नसताना तिची किंमत घरातलं कोण फेडतं आणि कशानं फेडतं, हे बघा. कुणाची कंबर, कुणाचे डोळे, कुणाची झोप, कुणाचा अभ्यास किंवा कुणाची अब्रू त्या वस्तूवाचून झिजत असेल, तर ती गरज. नसल्यानं फक्त मन खट्टू होत असेल तर ती हौस. हौस वाईट नाही. तिच्यासाठी पुढे वेगळी पायरी आहे.

या प्रश्नावर मशीन तपासा. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. तिथं कपडा आठ-आठ दिवस वाळत नाही, लहान मुलांच्या अंगावर दमट कपडे जातात आणि पिळून पिळून एकाच बाईचे खांदे धरतात. अशा घरात निदान पिळणी असलेलं साधं मशीन ही गरज आहे. तेच मशीन अथणीकडच्या उन्हातल्या, चार माणसांच्या घरात सोय ठरेल. वस्तू तीच, घर बदललं की रकाना बदलतो.

निपाणीत घरी बिड्या वळणाऱ्या बाईला डोक्यावर चांगला दिवा आणि पाठीला टेकू देणारी बैठक ही गरज आहे, कारण नसली तर डोळे आणि मणके जातात. पण खर्चाचा विषय निघतो तेव्हा टीव्ही आधी बदलला जातो. घरात शौचालय, न्हाणीला दार, म्हातारीला रात्री उठताना धरायला कठडा या गोष्टींना कुणी चैन म्हणत नाही, पण त्या वर्षानुवर्षं ‘पुढच्या बिलात बघू’ म्हणून मागे राहतात. ज्याला सोसावं लागतं त्याच्या हातात पैसा नसतो, हे त्याचं कारण. म्हणून यादी करताना एक नियम पाळा: सोसणाऱ्या माणसानं आधी बोलायचं, कमावणाऱ्यानं नंतर.

तिसरी पायरी: तीन खुणा करा

प्रत्येक वस्तूपुढे ‘ग’, ‘सो’ किंवा ‘हौ’ लिहा. गरज, सोय, हौस. सोय म्हणजे जिच्यामुळे काम हलकं होतं, पण नसली तरी कुणाचं नुकसान होत नाही. वाद झाला तर ‘सो’ लिहा आणि पुढे चला. एका वस्तूवर अर्धा तास घालवला तर यादी कधीच पुरी होत नाही.

चौथी पायरी: सरकारी सवलत हिशेबात नीट धरा

कर्नाटकात असल्यामुळे आपल्या यादीतली काही उत्तरं बदलतात. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना राज्यातल्या साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे. हमरस्त्यावरच्या गावात, जिथं तासाला बस मिळते, तिथं घरातली दुसरी स्कूटर म्हणजे सोय. पण खानापूरच्या आतल्या गावात दिवसाला दोनच बस येतात आणि पावसात त्यातली एक चुकते. तिथं कॉलेजला जाणाऱ्या मुलीला स्कूटर ही गरज आहे, कारण तिच्यावाचून शिक्षण बुडतं. मोफत प्रवास आहे म्हणून तिच्या हातात बसमध्ये दाखवायचं नुसतं आधार कार्ड ठेवू नका.

विजेचं गणित जरा नीट समजून घ्या. गृहज्योती योजनेत सगळ्यांना २०० युनिट मोफत, असा समज आहे. तसं नाही. २०२२-२३ या वर्षातली तुमच्या मीटरची महिन्याची सरासरी, अधिक १० टक्के, एवढंच मोफत. सरासरी ७० युनिट असेल तर ७७ पर्यंत शून्य बिल. ९५ वापरले तर वरच्या १८ युनिटचे पैसे भरायचे. २०० च्या पुढे गेलात तर पूर्ण बिल तुमच्या डोक्यावर. (महिन्याला ४८ युनिटपेक्षा कमी सरासरी असलेल्यांसाठी पुढे १० टक्क्यांऐवजी १० युनिटांची वाढ धरली गेली.)

आता गिझर बघा. २,००० वॅटचा गिझर रोज अर्धा तास चालला तर एक युनिट, महिन्याला ३०. म्हणजे ७७ युनिटच्या घरात दर पाच युनिटांतले दोन एकटा गिझर खाणार. न्हाणीत चूल किंवा बंब असेल आणि जळण घरचं असेल तर गिझर सोयीच्या रकान्यात जाईल. पण ते पाणी तापवायला धुरात कोण बसतं, हा प्रश्न इथंही विचारा. दमा असलेली सासूबाई किंवा पोटुशी सून बसत असेल तर गिझर ‘ग’ मध्ये लिहा आणि दुसरीकडचे युनिट वाचवा.

गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २,००० रुपये कर्त्या बाईच्या खात्यावर येतात. बऱ्याच घरांत ते आले की किराणा आणि हप्त्यात मिसळून जातात. माझं स्पष्ट मत आहे की त्यातला काही भाग, निदान चौथा तरी, कुणालाही हिशेब न देता तिचाच असावा. दवाखान्याला, माहेरी जायला, चष्म्याला दुसऱ्याकडे हात पसरावा लागू नये, ही बाईची गरज आहे. कुठल्याही यादीत ती लिहिलेली सापडत नाही, म्हणून इथं लिहितो.

आजारपणाची तयारीही ‘ग’ मध्येच. बीपीएल कार्ड असलेल्या कुटुंबाला आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचा उपचार मिळतो. इतरांना ठरलेल्या खर्चाच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. तातडीची वेळ सोडली तर आधी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते. सहकारी सोसायटीचे सभासद असाल तर यशस्विनी या आरोग्य योजनेची नोंदणी कधी आहे ते सोसायटीत विचारून ठेवा. रेशन कार्डावर नव्या सुनेचं, नव्या बाळाचं नाव आहे का ते आजच बघा. या कामाला पैसा फार लागत नाही, एक दिवस लागतो. तो दिवस मोडणं ही गरज.

पाचवी पायरी: यात्रा आणि लग्न वेगळ्या पानावर

आपल्या भागातल्या घरांचं कंबरडं फ्रिज आणि टीव्हीनं मोडत नाही. ते मोडतं गावच्या महालक्ष्मी यात्रेनं आणि लग्नानं. यात्रा कुठं बारा वर्षांनी, कुठं पंधरा, कुठं पंचवीस वर्षांनी येते. तिची तारीख ठरली की घरं रंगतात, दारात मांडव पडतात, लेकी-जावई, पाहुणे, पाहुण्यांचे पाहुणे येतात, बकरी पडतात. यात्रा संपते आणि पुढची तीन-चार वर्षं हप्ते चालू राहतात.

यात्रा बंद करा किंवा साधी करा, असं मी म्हणणार नाही. पंचवीस वर्षांनी गाव एकत्र येतं, देवीची ओटी भरायला माहेरवाशीण येते, हे माणसाला लागतं. ते ‘ग’ मध्येच लिहायचं. पण यात्रेतली प्रत्येक गोष्ट गरज नसते, म्हणून तिचे तुकडे करा.

गावाची ठरलेली वर्गणी, देवीची ओटी, माहेरवाशिणींची साडी, त्यांचं जेवण: गरज. यात काटकसर केली तर माणसं तुटतात.

घराची डागडुजी आणि रंग: जिथं कौलं फुटलीत, भिंतीत ओल येते ते काम गरज, कारण यात्रेनंतर पाऊस येणारच आहे. बाकीचा रंग हौस. दोन्ही एकाच गवंड्याच्या बिलात घालू नका, नाही तर हौस गरजेच्या पदराआड लपते.

जेवणावळ: इथं तीन याद्या करा. पहिली, ज्यांना बोलावलं नाही तर नातं दुखावेल. दुसरी, जे आले तर आनंदच. तिसरी, ज्यांना आपण फक्त शेजाऱ्यानं बोलावलं म्हणून बोलावतो. तिसरी यादी घरातल्या सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. बऱ्याचदा ती वाचतानाच लहान होते. शिवाय भावकीतल्या चार घरांनी एकच चूल मांडायची ठरवलं तर आचारी, भांडी, मांडव एकदाच लागतो आणि बायकांची दिवसरात्रीची धावपळ निम्म्यावर येते. हे सुचवायला पुढाकार मोठ्या भावानं घ्यावा. धाकट्यानं सुचवलं तर त्याला परवडत नाही, असा अर्थ निघतो.

पैशाची सोय यात्रेची चर्चा सुरू झाल्या दिवसापासून करा. बँकेत महिना १,५०० चं आवर्ती खातं तीन वर्षं चालवलं तर ५४,००० आणि वर व्याज हातात येतं. एवढ्यात जेवढी यात्रा होते तेवढी करा. यात्रेसाठी संघाचं किंवा फायनान्सचं कर्ज काढू नका. आठवड्याच्या वसुलीला दारात माणूस उभा राहतो तेव्हा बाहेर येऊन उत्तर देणारी बहुतेक वेळा घरातली बाईच असते. जेवणावळीतल्या तिसऱ्या यादीची किंमत ती फेडते.

लग्नालाही हीच पद्धत लावा. सोनं मात्र नीट वेगळं काढा. मुलीच्या नावावर, तिच्या ताब्यात राहणारं थोडं सोनं अडीअडचणीला गहाण ठेवता येतं, म्हणून ते गरजेच्या जवळ जातं. मिरवायला घेतलेला आणि सासूच्या कपाटात गेलेला दागिना हौसच.

सहावी पायरी: मुलांचा खर्च

इथं दोन गोष्टी नेहमी चुकीच्या रकान्यात पडतात. इथल्या मराठी मुलाला कन्नड नीट लिहिता-वाचता येणं ही गरज आहे. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये येतो, बहुतेक कचेऱ्यांचे अर्ज आणि राज्य सरकारच्या नोकरीच्या परीक्षाही. शाळेत कन्नड कच्चं राहत असेल तर त्याची शिकवणी गणिताच्या शिकवणीइतकीच महत्त्वाची धरा. आणि मराठी पुस्तकं, रोजचं मराठी वर्तमानपत्र हेही ‘ग’. विशेषतः मूल इंग्रजी शाळेत असेल तर आजीशी बोलता येणारी पण वाचता न येणारी भाषा त्याच्या हाती उरते. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदीसारख्या गावांत साहित्य संमेलनं भरतात. मुलाला तिथं नेण्याला बसभाड्याखेरीज खर्च नाही.

मुलाचा मोबाइल, ब्रँडेड बूट, वाढदिवसाचा हॉल: ‘हौ’. ऑनलाइन अभ्यासाला घरातला एक फोन ठरलेल्या वेळेला पुरतो.

सातवी पायरी: हौसेला जागा ठेवा

गरजा भागवून उरलेल्या पैशातला एक छोटा हिस्सा, किती ते घरानं ठरवावं, हौसेच्या नावावर टाका. त्यातून प्रत्येक माणसाला पाळीपाळीनं एक हौस मिळाली पाहिजे. आजोबांना महिन्यातून एकदा पाव किलो कुंदा, मुलीला नाचाचा क्लास, तुम्हाला मित्रांसोबत गोकाकचा धबधबा. हौस पूर्ण दाबली की ती उसाच्या बिलाच्या दिवशी उसळून येते, आणि त्या दिवशी एका झटक्यात खर्च होतो तो वर्षभराच्या हौसेपेक्षा जास्त असतो. हौसेवर मात्र एकच बंधन: ती रोखीनं. हप्त्यावर घेतलेली वस्तू घरात आली की हप्ता फिटेपर्यंत महिन्याच्या गरजांच्या आधी तिचाच नंबर लागतो.

यादी पुन्हा कधी उघडावी

वर्षातून दोनदा. एकदा पाडव्याला, जूनचा खर्च समोर दिसत असतो तेव्हा. एकदा दिवाळीनंतर, भात घरात येतं आणि कारखान्यांची धुराडी पेटतात तेव्हा. त्या वेळी आधी ‘ग’ लिहिलेल्या पण अजून न आलेल्या वस्तू वाचा. एकाच माणसाची गरज दोन वेळा मागे राहिली असेल तर तिच्यापुढे त्या माणसाचं नाव लिहा आणि येणाऱ्या पैशातली पहिली खरेदी तीच करा. घरात नवं मूल आलं, कुणी आजारी पडलं किंवा कुणाची नोकरी गेली, तर पाडव्याची वाट न बघता त्याच आठवड्यात वही काढा.