मॉडेल रेल्वे आणि किट्स कोकणातल्या हवेत: इंजिनला दोष देण्याआधी या चुका टाळा

रत्नागिरीत आमचं घर समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर, वर माळ्यावर आठ बाय चार फुटांचा लेआउट, म्हणजे फळीवर मांडलेली छोटी रेल्वे आहे, एचओ स्केलचा म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान (1:87), दोन रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर. रोज रात्री जेवणं उरकली की अर्धा-पाऊण तास वर जातो, त्यात कधी एक सांधा (गाडी एका लाइनवरून दुसरीवर नेणारा जोड) बसतो, कधी एखाद्या डब्याला नुसती चाकं लागतात, कधी फक्त पुसापुशी होते. सोबत एक दोनशे पानी वही असते, तीत तारीख, काय केलं, काय बिघडलं आणि बाहेर पाऊस होता की नाही एवढंच लिहितो. दोन वर्षांनी ती वही एका बैठकीत वाचून काढली तेव्हा दिसलं की इंजिन अडखळलं, रंग पांढरा पडला, रूळ वर आला, बुरशी धरली, या जवळजवळ सगळ्या नोंदी पावसाळ्यातल्या आणि त्याच्या मागच्या-पुढच्या महिन्यांतल्या. म्हणजे हात चुकत होता त्यापेक्षा जास्त हवा चुकत होती. आपण जे व्हिडिओ बघून शिकतो ते बहुतेक कोरड्या, थंड देशांतल्या खोल्यांमध्ये केलेले असतात, त्यांना आपली खारी दमट हवा माहीतच नसते.

इंजिन अडखळतंय म्हणजे इंजिन खराब, हे आधी डोक्यातून काढा

मी स्वतः चांगलं चालणारं इंजिन उघडून त्यातला एक पितळी पिकअप (चाकांकडून करंट घेणारी पट्टी) वाकवून ठेवला होता, नंतर कळलं की दोष रुळाच्या जोडात होता. म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी नुसतं बघा. इंजिन कंट्रोलरजवळ जोरात आणि लांबच्या टोकाला हळू, परत जवळ आलं की जोरात, असं असेल तर करंट पोचत नाहीये, वायरिंगचा प्रश्न आहे. दर फेरीला एकाच जागी थांबतंय तर त्या जागेवर जोड सैल आहे किंवा कचरा आहे. सगळीकडे झटके देतंय पण दुसरं इंजिन त्याच रुळावर नीट चालतंय तर या इंजिनाची चाकं काळी झालीत. आणि सगळीच इंजिनं सगळीकडे अडखळतायत तर रूळ पुसायला झालेत. या चार गोष्टी बघून झाल्या की मगच इंजिन उघडायचं, आणि खरं सांगतो, तिथपर्यंत वेळ फार क्वचित येते.

चाकं साफ करायची एक पद्धत आहे ती एकदा करून बघाच. किचन टिश्यूची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवायची, रुळावर आडवी पसरायची, इंजिनाचा अर्धा भाग पट्टीवर आणि अर्धा उघड्या रुळावर ठेवायचा, इंजिन हाताने हलकं धरून करंट सोडायचा. उघड्या रुळावरच्या चाकांना करंट मिळतो आणि पट्टीवरची चाकं जागच्या जागी फिरून स्वतःला पुसतात. थोड्या वेळाने पट्टीवर दोन काळ्या रेघा उमटतात, काजळासारख्या. मग इंजिन फिरवून दुसरी बाजू. रेघा फिकट होईपर्यंत पट्टी सरकवत राहायचं. अल्कोहोल पटकन पेट घेतो, त्यामुळे खिडकी उघडी ठेवा, उदबत्ती-काडेपेटी जवळ नको, आणि पट्टी ओलीचिंब नको, नुसती दमट पुरते.

रूळ पॉलिश पेपरने घासणं ही सगळ्यात जास्त लोक करतात ती चूक. घासल्यावर रूळ लखलखीत दिसतो, पण त्यावर बारीक चरे पडतात आणि पुढचा मळ त्या चऱ्यांतच जाऊन बसतो, मग आठवड्यात परत घासा, परत चरे. न सुटणाऱ्या धाग्याच्या कापडाला अल्कोहोल लावून पुसा, एवढंच. आणि जुने स्टीलचे रूळ कुणी स्वस्तात देत असेल तर किनारपट्टीवर राहणाऱ्याने घेऊच नयेत, एका पावसाळ्यात तांबेरा चढतो. निकेल सिल्व्हरचे (तांबं-निकेल-जस्ताचा मिश्रधातू) घ्या, तेही काळवंडतात पण गंजत नाहीत.

फिशप्लेटवर विसंबून राहू नका

नवीन लेआउटला दोन वायरी एका जागी जोडल्या की गाडी पळते, म्हणून आपण खूश होतो. पण प्रत्येक फिशप्लेट, म्हणजे दोन रूळ टोकाशी जोडणारी पट्टी, हा एक जोड आहे, आणि खाऱ्या हवेत त्याच्या आत हळूहळू थर चढतो, बाहेरून काही दिसत नाही. लेआउटच्या खालून दोन जाड वायरी फिरवा, लाल आणि काळी, आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला, निदान दर मीटरला तरी, त्यातून बारीक वायर वर सोल्डर करा. लालचं लाल आणि काळ्याचं काळं पाळा, एक जरी उलट लागली तरी शॉर्ट. गाडी वळवून त्याच रुळावर परत आणणारा लूप केला असेल तर तिथे डावा रूळ उजव्याला येऊन भिडतो आणि शॉर्ट होणारच, तेवढ्या लूपचे दोन्ही रूळ दोन्ही टोकांना तोडून त्याला करंट उलटा करणारा वेगळा स्विच द्यावा लागतो. मल्टीमीटर घ्या एक साधा, आणि इंजिन चालू असताना जवळच्या आणि लांबच्या टोकाचे व्होल्ट मोजा, रिकाम्या रुळावर मोजलं तर सगळीकडे 12 दाखवेल आणि तुम्ही फसाल.

प्लाय फुगतो, रूळ नाही

मी रूळ टाकले भर श्रावणात, जोडाला जोड घट्ट भिडवून, कारण फट दिसली की मन खट्टू होतं. जानेवारीत कोरडा वारा सुटला आणि एका सकाळी सरळ लाइनवर रूळ बाजूला फुगवटा धरून बसलेला, डबा ठेवला की पडतोय. आमच्या सुतारकाकांना बोलावलं, त्यांनी खाली वाकून प्लायच्या कडेवर नख फिरवलं आणि म्हणाले, "अरे, कडेला रंग कुठाय? पावसात पाणी प्यायला तो, आता सुकून आखडला. तुझा रूळ आहे तेवढाच आहे, तो जाणार कुठे?"

तर पावसात टाकताय तर दर थोड्या अंतराने जोडात व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट ठेवा, वायर खालून दिलेली असली की त्या फटीने करंटला काही होत नाही. प्लाय मरीन ग्रेडचा घ्या, त्यावर आयएस 710 असा शिक्का असतो, आणि तरीही वर, खाली आणि विशेषतः कापलेल्या कडांना प्रायमरचे दोन हात द्या. दुकानात मरीन म्हणून काहीही दाखवतात, शिक्का बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

पानवल पूल करायचाच आहे?

कोकणात मॉडेल रेल्वे करणाऱ्या प्रत्येकाला रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल करायचा असतो, मलाही. तो 64 मीटर उंच आणि 424 मीटर लांब आहे. एचओत भागलं तर उंची 73 सेंटिमीटरच्या वर आणि लांबी पावणेपाच मीटरहून जास्त. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा तर 75 मीटर होईल. म्हणून स्केलप्रमाणे सगळं करायचा हट्ट धरू नका, लांबी कमी करा पण खांबांची उंची आणि जाडी यांचं प्रमाण सांभाळा, डोळा तेच ओळखतो.

आणि रूळ उंच चढवत नेऊ नका, दरी खाली करा. मॉडेलमध्ये दर 50 ला 1 हा चढ इंजिनाला जेमतेम झेपतो, त्या हिशोबाने नुसती 10 सेंटिमीटर उंची गाठायला पाच मीटर रूळ लागतो. खऱ्या कोकण रेल्वेचा चढ 150 ला 1 पेक्षा तीव्र नाही, डोंगर फोडले, बोगदे काढले, पूल बांधले पण लाइन सपाट ठेवली, म्हणून तर रोहा ते ठोकूर सातशे चाळीसच्या आसपास किलोमीटर पुरं व्हायला जानेवारी 1998 उजाडलं. आपणही तेच करायचं, लेआउटची फळी त्या जागी कापून खाली बसवायची. बोगद्याला मागून हात घालायला जागा ठेवा, गाडी नेमकी आतच पडते. आणि वळण शक्य तेवढं मोठं घ्या, एलएचबी डबा (हल्लीचा लांब प्रवासी डबा) खरा साडेतेवीस मीटरचा, एचओत तो 27 सेंटिमीटर होतो, 18 इंच त्रिज्येच्या वळणावर तो बाहेर लोंबतो आणि शेजारच्या लाइनवरच्या गाडीला घासतो.

समुद्रावरची वाळू आणू नका

हे मुद्दाम वेगळं लिहितोय कारण इथे प्रत्येकाच्या डोक्यात हीच आयडिया येते, खडी विकत कशाला घ्यायची, मांडवीच्या किनाऱ्यावर जाऊ आणि पिशवी भरून आणू. एक तर ती खारी, कितीही धुतली तरी मीठ राहून जातं आणि ओल धरतं. दुसरं त्याहून वाईट, आपल्या रत्नागिरीच्या काळ्या वाळूत लोहाची खनिजं आहेत. जुन्या स्पीकरचा मॅग्नेट कागदात गुंडाळून त्या वाळूवरून फिरवा, काढलात की कागदाला खाली काळे केस फुटल्यासारखे कण उभे राहिलेले दिसतील. इंजिनाच्या पोटात मोटर आहे, मोटरमध्ये मॅग्नेट आहे आणि तो रुळापासून बोटभरसुद्धा लांब नाही. सैल कण उचलले जातात, गिअरमध्ये जातात आणि मग जो करकर आवाज येतो तो ऐकवत नाही. चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) चुरा लाल सुंदर दिसतो, कोकणच वाटतं, पण त्यातही लोह आहे, तो रुळापासून लांब कटिंगला आणि रस्त्याला वापरा, मॅग्नेट फिरवून मगच.

रुळाखाली कुठलीही खडी घ्या, कोरडी असताना ब्रशने नीट बसवा, मग पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून फवारा, आणि पातळ केलेला फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडा. सांध्याच्या हलणाऱ्या जिभेजवळ एक थेंबही नको. पावसाळ्यात हे काम केलं तर रात्रभर फॅन चालू ठेवा, वर प्लास्टिक झाकलं की दोन दिवसांत पांढरी बुरशी येते.

सुटे भाग जोडायच्या प्लास्टिक किट्सचं थोडक्यात

जुलैत स्प्रे मारू नका. क्लिअर कोटमधलं (वरच्या पारदर्शक थरातलं) थिनर भरभर उडतं, त्याने पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं, म्हणून चकचकीत यायच्या जागी दुधाळ पांढुरका थर येतो. एक छोटा आर्द्रता मीटर टेबलावर ठेवा, 70 टक्क्यांच्या वर काटा असेल तर स्प्रे कपाटात आणि पाण्याचे ॲक्रिलिक रंग ब्रशने. पांढरं पडलंच तर घासून काढू नका, कोरडा दिवस येऊ द्या आणि त्याच क्लिअरचा एक अगदी हलका हात द्या, बऱ्याचदा निवळतं. इन्स्टंट ग्लूने खिडक्यांच्या काचा चिकटवू नका, वाफेने धुरकट होतात, तिथे फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद पुरतो. डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र) खरखरीत मॅट रंगावर लावलं की खाली हवा अडकून चंदेरी दिसतं, आधी ग्लॉस, मग डिकल, मग मॅट. उरलेली डिकल्स झिप पिशवीत सिलिका जेलची पुडी घालून. निळी सिलिका गुलाबी झाली की ती ओल पिऊन भरली, तापवून सुकवली की परत वापरता येते, पण त्यासाठी जेवणाचं भांडं वापरू नका.

गणपतीत गाडी फिरवताना

चाकरमानी घरी येतात, पोरं माळ्यावर चढतात, आणि मग ठरतंच की यंदा बाप्पासमोर गाडी फिरवायची. मीही फिरवतो, माटवीखाली (मूर्तीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीखाली) गोल लूप. पहिल्या दिवशी छान, तिसऱ्या दिवशी गाडी ढकलावी लागते. समई, धूप, कापूर यांचा तेलकट धूर रुळावर बसतो, हात लावून बघा, चिकट लागेल. लूप समईपासून तीन-चार फूट लांब घ्या, आरतीच्या वेळी गाडी खोक्यात आणि रुळावर वर्तमानपत्र, रोज रात्री एकदा कापड. ट्रान्सफॉर्मर पाटाखाली ओल्या जागेत नको, स्टुलावर ठेवा, रुळात फक्त 12 व्होल्ट जाऊ देत. आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, खोकी बांधायच्या आधी, सगळी चाकं टिश्यूवर फिरवा. मागल्या साली मी ते न करता बांधून ठेवलं आणि दिवाळीत उघडलं तेव्हा चाकांवरचा थर सुकून वार्निशसारखा झाला होता, एका इंजिनाला चार रात्री गेल्या.