नामी कंपनीचा स्वस्त चाकू: घ्यावा का, कसा पारखावा

आमच्याकडे चाकू ठरवून कुणी घेत नाही. मोंढ्यात सुतळी घ्यायला गेलं की गल्ल्यापाशी टांगलेला एखादा उचलायचा, आणि सोयाबीनच्या राशी होईपर्यंत तो हरवायचा. हल्ली मात्र मोबाइलवर परदेशी चाकू दिसतात. ठिबक अंथरणारी, मोटारी बसवणारी पोरं विचारतात, "दादा, मोठ्या कंपनीनं स्वस्तातला माल काढलाय, घेऊ का?"

स्पायडर्कोचंच उदाहरण घेऊ. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या गोल्डन गावची ही कंपनी. पात्यात गोल भोक पाडून अंगठ्यानं, एका हातानं उघडता येणारा घडीचा चाकू तिनं १९८१ मध्ये काढला. त्याचं नाव होतं 'वर्कर', म्हणजे कामगार. आज तिचे भारी चाकू पाहिले तर त्या नावाचं हसू येतं. पण तिचीच 'टेनेशियस' आणि 'बर्ड' ही स्वस्तातली कुळं आहेत. दोन्ही चीनमध्ये बनतात. बर्डच्या चाकूंना पक्ष्यांची नावं असतात आणि पात्यातलं भोक गोल नसून धूमकेतूसारखं शेपटीचं असतं. आपल्याला विचार करायचाय तो या दोघांचा.

आधी आठवडाभर काम बघा. दिवसात काय काय कापलं ते रोज रात्री आठवून लिहा. ठिबकची नळी, केबलचं आवरण, खताच्या पोत्याची शिवण, सुतळी, पॅकिंगची पट्टी एवढंच निघालं, तर घडीचा चाकू चालेल. ऊस, कडबा, तुराट्या निघाल्या, तर हा विषय इथंच संपला. तिथं लोहाराचा कोयता आणि विळाच. मोसंबीचा डोळा भरायचा असेल तर त्या कामाचा वेगळा चाकू मिळतो. खिशातल्या चाकूनं कलम करू नका, काप दडपतो.

मग पोलाद बघा. स्वस्त आणि महाग यांतला खरा फरक इथं आहे. भारी चाकूंत वापरलेल्या एस३०व्ही पोलादात कार्बन १.४५ टक्के आणि व्हॅनेडियम नावाचा धातू ४ टक्के असतो. टेनेशियस आणि बर्डमध्ये बहुतेक वेळा ८सीआर१३एमओव्ही नावाचं चिनी पोलाद मिळतं. त्यात कार्बन ०.८ टक्क्यांच्या आसपास आणि क्रोमियम १३ च्या आसपास असतं. भारी पोलादाची धार जास्त टिकते यात वाद नाही. पण व्हॅनेडियम आणि कार्बन मिळून त्यात जे कण तयार होतात, ते कुरुंदाच्या दगडापेक्षाही कठीण असतात. शेतातल्या आखाड्यावरच्या साध्या दगडावर ते पातं घासत बसलात तर हात दुखतो आणि धार चढता चढत नाही. त्याला हिऱ्याची पट्टी लागते. स्वस्तातलं पोलाद लवकर बोथटतं, मान्य. पण जेवणाच्या सुट्टीत त्याच दगडावर दहा मिनिटांत पुन्हा उभं राहतं. ज्याला रोज कापायचंय आणि ज्याच्याकडे हिऱ्याची पट्टी नाही, त्यानं माझ्या मते स्वस्तातलंच घ्यावं. पैसे कमी आहेत म्हणून नव्हे, त्या कामाला ते जास्त सोयीचं आहे म्हणून.

किंमत हजेरीत, म्हणजे रोजच्या मजुरीत मोजा. डॉलरचे रुपये करून थांबू नका. वाहतूक, सीमाशुल्क, जीएसटी धरून घरपोच किती पडतो ते काढा आणि तेवढ्यात किती दिवसांची हजेरी जाते ते बघा. परदेशात स्वस्त म्हणवणारा माल लातूर-परभणीला येईपर्यंत स्वस्त राहीलच असं नाही. हरवला तर आठवडाभर झोप लागणार नाही असं वाटलं, तर तो चाकू तुमच्या कामाचा नाही. नकली मालही भरपूर फिरतो. अस्सलच्या निम्म्या भावात कुणी देत असेल तर तिकडे वळू नका.

हातात आला की पारख करा. पातं उघडून टोक चिमटीत धरा आणि आडवं हलवा. खुळखुळ जाणवली तर परत पाठवा. टेनेशियसमध्ये मुठीच्या आतली लोखंडी पट्टी सरकून पात्याच्या बुडाशी अडते. ती नीट अडली का ते उजेडात बघा. मग पात्याची पाठ लाकडावर टेकवून बेतानं दाबा. हे करताना पातं मिटण्याच्या वाटेत बोटं नकोत. मूठ ओल्या हातानंही धरून बघा, घामानं सटकणारी मूठ कोरड्या दुकानात कळत नाही.

धार स्वतः लावा. बाजारातल्या विजेच्या चाकावर देऊ नका. मी एकदा दिला होता. ठिणग्या छान उडाल्या, कड निळी पडली आणि नंतर तिथली धार दोन पोत्यांतच जायला लागली. कोरड्या चाकावर पातळ कड तापते आणि पोलादाला दिलेलं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरतं. लोहाराकडे विळा तापवून, ठोकून शेवटून आणतात तसं या पात्याचं करता येत नाही, ते विस्तवात घालायचंच नाही.

दगड ओला करा. धारेवर मार्करची शाई लावा. पाठ दगडापासून थोडी उचला, साधारण २० अंश, आणि दगडाचा पापुद्रा काढल्यासारखं पातं पुढं ढकला. शाई धारेच्या अगदी कडेपर्यंत गेली तर कोन बरोबर. वरचीच गेली तर पाठ आणखी उचला. एका बाजूला घासत राहा, दुसऱ्या बाजूला नखाला अडकणारी बारीक कड जाणवेपर्यंत. मग बाजू बदला. शेवटी हात हलका करत आलटून पालटून घासा आणि जुन्या चामडी पट्ट्यावर उलट्या दिशेनं ओढा. वर्तमानपत्राचा कागद न फाटता चिरला गेला की झालं.

काळ्या मातीचा चिखल घडीच्या सांध्यात बसला की वाळून सिमेंट होतो. संध्याकाळी पाण्यानं धुवा, पुसा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. मोसंबी चिरली असेल तर लगेच धुवा. न गंजणारं म्हटलं तरी आंबट रसात पडून राहिलेल्या पात्यावर डाग येतात.

कायद्याचं थोडं. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात. घरगुती आणि शेतीकामाची त्यातून वगळली आहेत. टेनेशियसचं पातं साडेतीन इंचांच्याही आतलं आहे. पण यात्रा, निवडणूक, सणांच्या वेळी महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो आणि त्यात चाकूही येतो. त्या दिवसांत तो घरीच ठेवा, खिशात नको.

आणि मुठीच्या भोकात लाल दोरी ओवा. या चाकूंची मूठ बहुधा काळी असते, नांगरटीत पडला तर दोरीच दिसते.