विहिरीत पोहायला शिकलेल्यांसाठी पहिली ट्रायथलॉन

ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं. एकदा पाण्यात उतरलात की घड्याळ शेवटच्या पावलापर्यंत थांबत नाही. ओले पाय पुसून बूट घालायला लागलेला वेळही त्यातच धरतात. पहिल्यांदा उतरणाऱ्याने ‘स्प्रिंट’ अंतर निवडावं : ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं. गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये समुद्रात १.९ किलोमीटर पोहावं लागतं. तिथले फोटो बघून लगेच नाव नोंदवायची घाई करू नका.

सायकल आणि धावणं सोलापूरकराला जमून जातं. अडतं ते पाण्यात. आपल्याकडे पोहता येणारे बरेच जण पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेले असतात. त्यांना सूर मारता येतो आणि पाण्याची भीती नसते, ही मोठी जमेची बाजू. पण विहीर असून असून केवढी? चार हात मारले की काठ आला. मुंडी वर ठेवून पोहायची सवय मात्र तिथेच हाडात मुरते. तयारीला तीन महिने द्या आणि त्यातला निम्मा जीव पाण्यात घाला.

पहिली पायरी : श्वास सोडायला शिका

मुंडी वर राहिली की कंबर खाली जाते, पाय लोंबकळतात आणि अख्खं अंग पाण्याला आडवं येतं. मग ते ओढण्यासाठी माणूस जोरजोरात पाय झाडतो आणि दोन फेऱ्यांत गळपटतो. म्हणून चेहरा पाण्यात, नजर सरळ तळाकडे.

इथे धाप लागते, पण बहुतेक वेळा तिचं कारण हवा कमी पडणं हे नसतं. आतली हवा बाहेर सोडलेलीच नसते. श्वास कोंडला की कार्बन डायऑक्साइड साठतो आणि जीव घाबरतो. मग तोंड वर आल्यावर जुना श्वास सोडायचा आणि नवा घ्यायचा, ही दोन्ही कामं एका क्षणात उरकावी लागतात.

उपाय साधा आहे. छातीइतक्या पाण्यात कठडा धरून उभे राहा. तोंडाने श्वास घ्या, चेहरा बुडवा आणि नाका-तोंडातून सावकाश बुडबुडे सोडत राहा. फुप्फुसं जवळजवळ रिकामी झाली की मान न उचलता नुसती बाजूला वळवा. एक कान पाण्यातच राहिला पाहिजे. श्वास घ्या, पुन्हा खाली. आठवडाभर एवढंच केलं तरी चालेल. शेजारची पोरं हसतील, हसू द्या.

दुसरी पायरी : अंतर वाढवा

२५ मीटरच्या तलावात ७५० मीटर म्हणजे ३० वेळा टोक गाठायचं, ५० मीटरच्या तलावात १५ वेळा. सुरुवातीला २५ मीटर पोहून अर्धा मिनिट दम खा, असं आठ-दहा वेळा करा. ते सोपं वाटू लागलं की ५० मीटर, मग १००. वेग वाढवायच्या भानगडीत पडू नका. पाय हलकेच हलवा, कारण पुढे सायकल त्यांनाच चालवायची आहे. उन्हाळी सुट्टीत शहरातल्या तलावांवर पोरांची झुंबड असते, सलग पोहायला जागा मिळत नाही. पावसाळा ओसरल्यावर सुरुवात केलेली बरी.

तिसरी पायरी : उघडं पाणी

स्पर्धेत बहुधा तलाव, नदी नाहीतर समुद्र असतो. तिथे तळाला काळी रेघ नसते आणि धरायला कठडाही नसतो. सात-आठ हात मारले की फक्त डोळे पाण्याबाहेर काढून समोरचा बोया (वाट दाखवणारा तरंगता फुगा) बघायचा आणि लगेच चेहरा खाली. हा सराव पोहण्याच्या तलावातच सुरू करा. सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाचं पाणी कितीही मोकळं दिसलं तरी एकट्याने उतरू नका. परवानगी, सोबत होडी, जाणकार पोहणारे आणि कंबरेला बांधलेला रंगीत फ्लोट, हे सगळं असेल तरच.

नियमही तुमच्या बाजूचे आहेत. कुठल्याही प्रकारे पोहलेलं चालतं. दमलात तर उताणे तरंगा किंवा बचावाच्या होडीला धरून थांबा. तिच्या आधाराने पुढे मात्र सरकायचं नाही. फारच घाबरायला झालं तर हात वर करा. सुरुवातीला गर्दीत लाथा-कोपर बसतातच, म्हणून कडेला आणि मागे उभे राहा.

चौथी पायरी : सायकल आणि धावणं जोडा

गिअरची साधी सायकल पुरते. तुळजापूर रोडला पहाटे निघालात तर मागे लाल दिवा आणि अंगात चमकणारं जॅकेट हवंच. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात, आणि मागचा दिवा नसलेली ट्रॉली अंधारात अगदी जवळ गेल्यावरच दिसते. सर्व्हिस रोड असेल तिथे तोच धरा.

आठवड्यातून एकदा सायकलवरून उतरल्या उतरल्या दहा-पंधरा मिनिटं धावा. पहिला किलोमीटरभर पाय आपले नाहीतच असं वाटतं, मग हळूहळू वळणावर येतात. सोलापूरचं ऊन फेब्रुवारीच्या शेवटापासून चटका देतं, त्यामुळे व्यायाम सकाळी लवकर आटपा आणि सोबत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी ठेवा.

स्पर्धेचा दिवस

सकाळी सरावात खाऊन बघितलेलंच खा. केळं चालेल. कडक भाकरी आणि शेंगा चटणी आदल्या रात्रीही नको, पाण्यात आडवं झालं की ती वर येते. सायकलपाशी टॉवेल पसरून त्यावर बूट, मोजे, नंबरचा पट्टा क्रमाने मांडा. पाण्यातून आल्यावर आधी हेल्मेट घालून बक्कल लावायचं, मगच सायकलला हात लावायचा. परत येऊन सायकल स्टँडला टांगल्यावरच बक्कल सोडायचं. इथे चुकलात तर दंड होऊ शकतो. आपल्या सायकलची रांग आधी चालून पाहून ठेवा, कारण दमलेल्या डोळ्यांना सगळ्या सायकली सारख्याच दिसतात.